उजवं पान

मंगळवार, ३ डिसेंबर

चि. पुराव्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र काल दुपारी मिळालं. इकडे सर्व क्षेम आहे. माझा गुडघा आपल्या मतावर ठाम आहे. जिना चढताना तो गप्प असतो आणि उतरताना कुरकुरतो, यावरून त्याचा आक्षेप कष्टांना नसून घराबाहेर पडण्याला आहे, असं अनुमान मी काढलं आहे. तळमजल्यावरच्या शिंप्याने दुकानाला पिवळाधमक रंग दिला. सकाळी ऊन त्यावर पडलं की माझ्या खोलीचं छत कावीळ झाल्यासारखं दिसतं. कानाचं यंत्र खणात आहे. ते मी लावत नाही म्हणून तू रागावतोस, पण ते लावूनही फोनवर मला माणसाचं अर्धंच बोलणं ऐकू येतं. उरलेलं मी मनाने भरतो, आणि मनाने भरलेलं बहुधा माझ्याच सोयीचं निघतं. म्हणून पत्र.

आता विषय. आपल्या घरच्या रीतीप्रमाणे आधी तुझं म्हणणं माझ्या शब्दांत मांडतो. चुकलं तर सांग.

सूनबाईची पाळी अकरा दिवस पुढे गेली आहे. (शब्द टाळण्याचं वय माझं उरलेलं नाही.) तुम्ही ठरवून काही केलेलं नाही. तू औषधांच्या दुकानात उभा राहणारा माणूस, त्यामुळे तुला कळलं त्याच संध्याकाळी तू तपासणीचं पाकीट घरी आणलंस. ते न्हाणीघरातल्या फळीवर आहे आणि ती ते उघडत नाही. तुला मूल हवं आहे. तुझं वय एक्केचाळीस, तिचं सदतीस, आणि ही संधी पुन्हा येणार नाही असं तुला वाटतं. तिला नको आहे, असं तू म्हणतोस. आणि मी तिला एक पत्र लिहावं, अशी तुझी इच्छा आहे, कारण, तुझे शब्द, "ती जगात फक्त तुमचंच ऐकते, बाबा."

हेच ना?

पत्र म्हणून तुझं लिखाण चांगलं आहे. चाळीस वर्षं तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासलेला माणूस हे म्हणतो आहे, तेव्हा ही स्तुती समज. विशेषतः दुसरं पान, ज्यात तू सूनबाईची बाजू पाच मुद्द्यांत मांडली आहेस. तिचं काम जोखमीचं, लिफ्टच्या शाफ्टमध्ये दोरावर लोंबकळून करायचं. सहाव्या महिन्यात तिला टेबलाच्या कामावर बसवतील आणि नंतर पुन्हा वर चढू देणार नाहीत. तिच्या हाताखालच्या चौघांना आताच कुठे तिची सवय झाली आहे. आणि पुढे दोन. प्रत्येक मुद्दा आधीच्या मुद्द्यावर वीट ठेवल्यासारखा बसला आहे.

माझी अडचण नेमकी तीच आहे. हे पाचही मुद्दे इतके नेटके आहेत की ते तिचे असू शकत नाहीत.

तुला आठवतं का, उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा तिने आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी दुरुस्त केली होती? दोन सुतार हात टेकून गेले होते. मी विचारलं, "काय केलंस गं?" तर म्हणाली, "काही नाही, बाबा. नुसती उघडझाप करून ऐकलं. कुरकुर कुठून येते ते आधी ऐकावं लागतं. हातोडी नंतर." जी मुलगी खिडकीच्या कडीविषयी असं बोलते, ती स्वतःविषयी 'एक, दोन, तीन' करून बोलेल, हे मला पटत नाही.

तिचं म्हणता येईल असं तुझ्या चार पानांत एकच वाक्य आहे, आणि तेही तू समासात, तिरपं, 'हिचं अतार्किक बोलणं पाहा' अशा टिपेसह लिहिलं आहेस. सकाळी कामाचे बूट बांधता बांधता ती म्हणाली: "बघितलं की ते सगळ्यांचं होईल. अजून दोन दिवस माझं एकटीचं असू दे."

हे वाक्य अतार्किक नाही. मी ते कालपासून पुष्कळ वेळा वाचलं आहे.

तुझं पत्र वाचून मी माळ्यावरून तुझ्या आईच्या वह्या खाली काढल्या. घरातला प्रत्येक वाद ती लघुलिपीत उतरवून घ्यायची, हे तुला ठाऊकच आहे. कोर्टात दिवसभर परक्यांची भांडणं टिपायची आणि घरी येऊन आपली. वादाचे नियम ठरलेले. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, त्याच्याइतकं आणि जमल्यास त्याच्याहून चांगलं. तो "हेच" म्हणाला की मगच उत्तर द्यायचं. निकाल लागलेला वाद पुन्हा उघडायचा नाही. लोकांच्या घरात पडद्यांच्या रंगावरून आदळआपट होते, आपल्याकडे सुनावणी व्हायची. सातव्या वहीत तुझा कुत्र्याचा दावा सापडला. तू नऊ वर्षांचा होतास. कुत्रा का नको ही माझी बाजू तू इतकी सुरेख मांडलीस की स्वतःच गारद झालास आणि हरलास. मला लघुलिपी येत नाही, पण त्या पानावर तुझ्या आईने साध्या अक्षरांत शेरा मारला आहे: "वादी रडला. प्रतिवादीने आइस्क्रीम देऊ केलं. वादीने पुरावा मागितला." तेव्हापासून तू पुराव्या झालास.

दुसऱ्या वहीबद्दल पुन्हा कधी.

सूनबाईला पत्र लिहायचं की नाही ते चार-पाच दिवसांत कळवतो. तोवर फळीवरच्या पाकिटाला हात लावू नकोस, आणि ते तिच्या नजरेसमोर येईल असं सरकवूनही ठेवू नकोस. तू सरकवत असणार. मी सरकवलं असतं.

तुझा,
बाबा


रविवार, ८ डिसेंबर

चि. पुराव्यास,
आशीर्वाद.

शुक्रवारी तुझं एक पानी उत्तर आलं. "मी निबंध तपासायला पाठवला नव्हता, बाबा. हो की नाही तेवढं सांगा. आईशी आयुष्यभर असंच बोललात आणि ती हसत राहिली." पहिल्या दोन वाक्यांचं उत्तर या पत्राच्या शेवटी आहे. तिसरं वाक्य खरं आहे, आणि त्यामुळेच हे पत्र लांबणार आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून तू माझ्यासाठी डॉक्टर शोधायला निघणार नाहीस.

घराबाहेर पडताना मी उंबऱ्याबाहेर येतो आणि कुलूप लावण्यापूर्वी दार हाताने धरून थांबतो. तीन-चार श्वास घेण्याइतका वेळ. मागून कुणी यायचं राहिलं असावं, असा. मग दार लावून घेतो. ही सवय मुळात तुझ्या आईची. आपण तिघं कुठे निघालो की तू धडधडत अर्धा जिना उतरलेला असायचास, मी तुझ्या मागे, आणि ती वर दार धरून उभी. मी खालून ओरडायचो, "अगं चल, काय राहिलं?" "काही नाही" म्हणून ती कुलूप लावायची. पस्तीसएक वर्षं मी हाच प्रश्न विचारला आणि हेच उत्तर ऐकलं. ती गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात दूध आणायला निघालो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दार धरून मी उभा आहे.

जेवणाचं टेबल घेतलं तेव्हा त्यासोबत चार खुर्च्या आल्या होत्या. भिंतीकडच्या चौथ्या खुर्चीवर आम्हा दोघांपैकी कुणी कधी वर्तमानपत्र ठेवलं नाही, पिशवी ठेवली नाही. तू ठेवायचास, आणि ती न बोलता उचलायची. मी तर्काचा माणूस, म्हणून हेही सांगतो: येत्या ऑगस्टमध्ये छत्तीस पूर्ण होतील. हा हिशेब मला कधीही, झोपेतून उठवलं तरी, बिनचूक सांगता येतो. कुणाचं वय, हे मात्र सांगता येत नाही, कारण असं कुणी होतं की नव्हतं हेच मला ठाऊक नाही.

तू पाच वर्षांचा होतास. हाच महिना, रविवार, दुपारचे तीन. तुला शेजारच्या शिकवणीबाई चित्रं रंगवायला घेऊन गेल्या होत्या. घर दोन खोल्यांचं, आतल्या खोलीत माझी आई अंथरुणाला खिळलेली, आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर माझ्या अर्धवट ग्रंथाचे कागद. तुझी आई कप पुसत होती. पाठमोरी असतानाच म्हणाली, "मला नऊ दिवस वर झालेत."

मी म्हणालो, "बसू या का?"

आपल्याकडे 'बसू या' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. तिने हात पुसले आणि वही आणली. वही तिने आणली, म्हणजे वाद तिलाही हवा होता, असं मी स्वतःला अनेक वर्षं समजावत आलो. पण कुणी बोलू लागलं की लिहू लागायचं ही तिची नोकरी होती. कोर्टाच्या शिपायाने हाक मारल्यावर साक्षीदार उभा राहतो, तो काही बोलायची हौस म्हणून नव्हे.

नियमाप्रमाणे आधी मी तिची बाजू मांडली. तुला हे मूल हवं आहे, मी म्हणालो. पोराला भावंड हवं, एकटं मूल हट्टी होतं. तुझं वय छत्तीस, पुढे हे होणार नाही. आई गेल्यावर घर रिकामं होईल. मी हे सगळं अकरा मिनिटं मांडलं, घड्याळ समोर होतं. बोलता बोलता माझाच गळा दाटून आला, इतकं ते जमलं होतं. शेवटी विचारलं, "हेच ना?"

ती म्हणाली, "हो."

मग मी ते सात मुद्द्यांत मोडून काढलं. सात मुद्दे मी तुला सांगणार नाही. ते उत्तम होते, आजही त्यांत मला एकच चूक सापडते आणि ती मुद्द्यांत नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." वादाला बसली की ती मला 'तू' म्हणायची, बरोबरीने भांडता यावं म्हणून आमच्यात तसं ठरलेलं होतं. त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिने मला 'तुम्ही' म्हटलं. माझ्या ते लक्षात आलं होतं. आई आत जागी आहे म्हणून असेल, असं कारण मी मनाने भरलं.

बुधवारी ती उशिरा घरी आली. हात धुता धुता, पुन्हा पाठमोरीच, म्हणाली, "तो विषय संपला."

मी म्हणालो, "बरं झालं."

एवढंच. पाळी उशिरा आली, की काही नव्हतंच, की होतं आणि ती एकटी कुठे जाऊन आली, हे मी विचारलं नाही. निकाल लागलेला वाद उघडायचा नाही असा नियम होता आणि तो नियम मीच केला होता. त्या हिवाळ्यात मी ग्रंथाचं चौथं प्रकरण लिहिलं. ते अभावावर आहे. नसलेली वस्तू आपल्याला कशी कळते, असा त्यातला प्रश्न. जुने नैयायिक म्हणतात की नुसतं 'नाही' कळत नाही, 'इथे नाही' असंच कळतं. जमिनीवर घडा नाही हे कळायला आधी जमीन दिसावी लागते. आणि 'नाही'चेही प्रकार असतात. जे अजून झालंच नाही त्याचं नसणं वेगळं, आणि जे होऊन गेलं त्याचं नसणं वेगळं. हा फरक मी वर्गात तीस वर्षं खडू झिजवून शिकवला. ज्याने घरी एक प्रश्न विचारून तो ओळखायचा होता, त्यानेच.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी, शेवटच्या दिवसांत, एका दुपारी मी तिच्या पायाची नखं कापत होतो. तू औषधं आणायला गेला होतास. ती डोळे मिटून होती. अचानक म्हणाली, "तेव्हा तू माझी बाजू मांडलीस ना, ती माझी नव्हती."

'तू' म्हणाली. मी विचारलं, "कधी?" कधी ते मला ठाऊक असूनही.

"फार सुंदर मांडलीस पण," ती म्हणाली. "मला वाटलं, आपल्याला असंच वाटायला हवं असणार."

"मग तुझी कोणती होती?"

तिने डोळे उघडले, मान जराशी उचलून पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "करंगळी राहिली."

मी करंगळीचं नख कापलं. तू आलास. पाचव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर दोन वर्षं दुसरी वही माळ्यावर होती. लघुलिपी वाचणारं माणूस शोधणं मुळीच कठीण नव्हतं. तिची कोर्टातली मैत्रीण, तुझी टकटक मावशी, जिच्या टंकलेखन यंत्रावर तू लहानपणी बोटं चेचून घेतलीस, ती इथून दोन रस्ते पलीकडे राहते. तुझं पत्र आलं नसतं तर मी गेलो असतो की नाही, याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. शुक्रवारी सकाळी गेलो. बाल्कनीत ती बाभळीच्या काटकीसारखी वाळून बसली होती, पण जीभ शाबूत आहे.

"या भावोजी! गुडघ्याने सोडलं वाटतं तुम्हाला!"

मी वही पुढे केली. तिने मुखपृष्ठ पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"छत्तीस वर्षं उराशी धरलीत आणि आता आणलीत वाचायला? मोतीबिंदू पिकायची वाट बघत होतात काय माझा?"

"वाचता येईल का?"

"तिचं अक्षर आहे. आंधळी झाले तरी बोटाने वाचीन."

मी पान काढून दिलं. तिने भिंग घेतलं, घसा साफ केला आणि कोर्टात वाचून दाखवतात तशा आवाजात वाचायला लागली, चढ नाही, उतार नाही, पूर्णविराम आला की थांबायचं. डाव्या पानावर माझं बोलणं होतं. एक शब्द गाळलेला नव्हता. मी कुठे थांबलो, कुठे पाणी प्यायलो, तेही कंसात. माझा गळा दाटून आला होता तिथे तिने लिहिलं होतं: 'आवाज बदलला.' स्वतःचा युक्तिवाद असा सपाट आवाजात ऐकणं ही शिक्षा कायद्यात का नाही, याचं मला नवल वाटलं.

डावं पान संपल्यावर मावशी म्हणाली, "बोलायचात मात्र छान हो तुम्ही. ऐकणारा गार पडावा."

"उजवं पान वाचा."

"ते कोरं आहे."

मी पुढे वाकलो. उजव्या पानावर डोक्याशी तिने आखलेली रेघ होती, रेघेवर दोन चिन्हं, आणि त्याखाली एक बारीक आडवी खूण, शेपटी वळवलेली. त्यानंतर पान रिकामं. अगदी तळाशी एक ठिपक्याएवढं चिन्ह.

"वर 'माझं म्हणणं' असं आहे," मावशी म्हणाली. "तळाशी 'हो'."

"आणि ही खूण?"

तिने भिंग खाली ठेवलं. "ही आमच्या कचेरीतली, भावोजी. पुस्तकात नाही मिळायची. साक्षीदार बोलला, पण ऐकू आलं नाही, तर ही खूण करायची. मागाहून विचारून भरायचं, म्हणून खाली जागा सोडायची."

"किती?"

"तो बोलला असेल असं वाटतं तितकी."

आम्ही दोघंही पानाकडे पाहत होतो. अख्खं पान होतं, पुराव्या. तळाचा तो ठिपका सोडला, तर अख्खं.

"पण ती काही बोललीच नव्हती," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणता तसं असेल," मावशी म्हणाली, आणि तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मग मी तो दुसरा प्रश्न विचारला, बुधवारचा. मावशी कोर्टात तुझ्या आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, तिला ठाऊक असणार. मावशीने बाल्कनीतून खाली रस्त्याकडे पाहिलं. "ते मला विचारू नका. मला माहीत नसेल तर सांगता यायचं नाही, आणि असेल तर ते माझं सांगायचं नाही. तिला विचारायचं होतंत. तुमच्या घरातच होती की."

हो, घरातच होती.

आता तुझ्या दोन वाक्यांचं उत्तर. नाही, सूनबाईला पटवणारं पत्र मी लिहिणार नाही. यावरून मूल होऊ नये असं माझं मत आहे, असं समजू नकोस, व्हावं असं आहे असंही समजू नकोस. मला मत नाही. मत नसणं मला या वयात प्रथमच जमतं आहे. तुला मूल हवं आहे, ते तू तिला सांग, तुझं म्हणून, जितकं कळकळीने सांगता येईल तितकं. तो तुझा हक्कच आहे. फक्त तिची बाजू तू मांडू नकोस. कच्चीही नाही, आणि सुंदर तर मुळीच नाही. आणि ती नुसतं "हो" म्हणाली, तर विशेष सावध राहा.

तुझं दुसरं पान या पत्रासोबत परत पाठवतो आहे. समासातलं तिचं वाक्य कापून मी ठेवून घेतलं आहे, त्याबद्दल क्षमा कर. सोबत एक बंद पाकीट आहे. ते सूनबाईचं आहे, उघडायचं नाही. त्यात तुझ्याविरुद्ध काही नाही आणि तुझ्या बाजूचंही काही नाही. तू पुरावा मागशील, पण या वेळी तो मिळणार नाही.

दुसरी वही मी पुन्हा माळ्यावर ठेवलेली नाही. चौथ्या खुर्चीवर आहे.

तुझा,
बाबा


रविवार, ८ डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी खिडकीची कडी अजून बिनतक्रार लागते. वारा सुटला की मी मुद्दाम उठून एकदा उघडझाप करून पाहतो. कुरकुर नाही.

तुझ्या नवऱ्याने मला सगळं कळवलं आहे, आणि तुझ्या परवानगीवाचून कळवलं आहे हे मला त्याचं पत्र वाचतानाच समजलं. मी ते तरीही शेवटपर्यंत वाचलं. हा माझा अपराध समज. त्याने मला तुझी बाजू पाच मुद्द्यांत सांगितली आहे. ते पाच मुद्दे मी विसरण्याचा प्रयत्न करतो आहे.

मी तुला सल्ला देणार नाही. तपासणी कर असं म्हणणार नाही, करू नकोस असंही नाही. तू म्हणालीस ते दोन दिवस केव्हाच होऊन गेले असतील, आणि हे पत्र हातात पडेल तेव्हा कदाचित सगळं ठरलेलंही असेल, किंवा ठरवण्यासारखं काही नव्हतंच असंही निघालं असेल. मला कळवायलाच हवं, असं नाही.

मला एवढंच सांगायचं आहे की तुझं म्हणणं काय आहे, ते मला ठाऊक नाही. हे साधं वाक्य घरातल्या बाईसमोर बसून म्हणायला मला छत्तीस वर्षं उशीर झाला. तिने एक पान माझ्यासाठी कोरं ठेवलं होतं, आणि तिच्या हयातीत मी ते उलटून पाहिलं नाही. हा सगळा प्रकार काय ते तुझ्या नवऱ्याला लिहिलं आहे. हवं तर त्याच्याकडून ऐक, नको असेल तर राहू दे.

खाली जागा सोडली आहे. ती तू भरावीस असा आग्रह नाही. भरलीस तर मला पाठवावीस असाही नाही. पाठवलीस, तर मी उत्तर देणार नाही, फक्त वाचेन. यंत्र खणातून काढून कानाला लावलं आहे, तेव्हा लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं वाटलं तर तसंही चालेल. मध्येच ऐकू आलं नाही, तर मी मनाने भरणार नाही. पुन्हा विचारेन.

सही नेहमी पत्राच्या शेवटी असते. या वेळी ती इथे, वरच करून ठेवतो, कारण पानाचा शेवट माझा नाही.

दार धरून उभा असलेला,
तुझा सासरा